धनुष्याला भ्यालेला पक्षी

पंचावन्न वर्षांनी मियाव शौरन आपल्या लू बाईंची माफी मागायला शाओयांगला आला. ज्या उन्हाळ्यात पोरं दंडाला लाल पट्ट्या बांधून शिक्षकांवर उठली होती, त्या उन्हाळ्यात बाईंना शाळेच्या अंगणात कमरेत वाकवून उभं केलं होतं. साऱ्या शाळेदेखत त्यांच्या थोबाडीत मारणारा पोरगा तोच.

दार बाईंच्या मुलीने उघडलं. "आईला आता कुणी आठवत नाही, दादा. मलासुद्धा 'तू कोण गं' म्हणते. पण एखादी म्हण विचारा, घडाघडा सांगेल."

त्याला जरा धीर आला. "बाई, 'धनुष्याला भ्यालेला पक्षी' म्हणजे काय?"

"आधी पाठ सरळ कर," बाई म्हणाल्या. "फार जुन्या राजांच्या काळची गोष्ट. एका तिरंदाजाने बाण न लावता नुसती दोरी ताणून सोडली, आणि वरून चाललेला रानहंस धपकन खाली पडला. राजा म्हणाला, हे कसं काय? तिरंदाज म्हणाला, महाराज, याची जुनी जखम भरलीच नव्हती. दोरीचा आवाज ऐकून तो जिवाच्या आकांताने उंच उडायला गेला, आणि जखम उसवली."

वर्गातला तोच आवाज होता. शौरनचे डोळे भरून आले. पुढे सरकून तो म्हणाला, "बाई, मी मियाव शौरन. सहावीतला."

बाईंनी चष्मा काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. मग त्या सावकाश उठल्या, हात पाठीमागे नेले आणि कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

मुलगी बघतच राहिली. "असं कधी करत नाही हो ती," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखलं वाटतं."