कोर्ट काय म्हणालं

खालच्या दातांवरचा थर खरवडून झाला, तेव्हा आर्डिथने हलुस्काबाईंना चूळ भरायला सांगितलं. तोंड मोकळं होताच बाईंनी विषय काढला.

"सुटला एकदाचा आपला ग्लेन! वाचलंस ना?"

वाचलं होतं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेपर पडलाच होता. पहिल्या पानावर अग्निशमन दलाच्या गणवेशात ग्लेन स्ट्रुथर्स हसत होता, आणि वर जाड अक्षरांत छापलं होतं : 'निर्दोष!'

त्याच्यावर बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईचं नाव बातमीत कुठेच नव्हतं. ते छापायला कोर्टाची बंदी होती, तिच्याच भल्यासाठी. ती बाई म्हणजे आर्डिथ, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. खटला चालला दूर विनिपेग शहरात. आईचं ऑपरेशन आहे असं सांगून तिने रजा काढली होती.

"शहरातलीच कुणी भवानी असणार," हलुस्काबाई म्हणाल्या. "सरळ माणसाला नादी लावायचं आणि मग बोंब मारायची. पण जज्जबाई खमकी निघाली हो. ही खोटं बोलतेय म्हणून तोंडावर सांगितलं तिला."

आपल्या आत काहीतरी उसळून येईल, असं आर्डिथला वाटलं. काहीच आलं नाही. तिने कापसाचा बोळा बदलला.

"शनिवारी फायर हॉलवर जेवण ठेवलंय त्याच्यासाठी. बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी करायचं काम माझ्याकडे आहे. तूही ये की. घरी एकटीच तर असतेस."

"जज्ज तसं म्हणाल्या नाहीत," आर्डिथ म्हणाली.

"आँ?"

"त्या म्हणाल्या, ही खरं सांगतेय असं मला वाटतं. पण नुसतं मला वाटून भागत नाही. मनात रास्त शंका उरली, की आरोपीला सोडावंच लागतं. खोटं हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. आणि ग्लेनने काही केलंच नाही, असंही त्या म्हणाल्या नाहीत."

हिरड्यांची काळजी कशी घ्यायची हे पेशंटना सांगताना तिचा जो आवाज असे, त्याच आवाजात ती हे बोलली.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"मी तिथे होते."

हलुस्काबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते. आर्डिथने नजर हलवली नाही. आता यांना कळेल, तिच्या मनात आलं. कळल्यावर पुढे काय, याचा तिने विचार केला नव्हता. ती नुसती वाट पाहत राहिली.

बाईंचा चेहरा हळूहळू खुलला. त्यांनी तिच्या हातमोज्यावर थोपटलं.

"अगं बाई! त्याच्यासाठी एवढ्या लांब गेलीस? आणि एका शब्दाने बोलली नाहीस! मग तर शनिवारी तुला यायलाच हवं. तुला बघून किती बरं वाटेल त्याला."

आर्डिथने दिवा खाली ओढला.

"आ करा," ती म्हणाली. वरचे दात अजून राहिले होते.