चाळिसावा ठिपका

“खरं सांगा मावशी, हा पट्टा नातवाच्या हातात बांधला होतात ना?”

डॉक्टरांनी विचारलं ते हसत हसतच. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरचा पावलं मोजायचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. तीन महिने तो फक्त अंघोळीपुरता उतरला होता.

“मला नातू नाही,” त्या म्हणाल्या. “मुलगी आहे. तिचं लग्न व्हायचंय अजून.”

खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची. समोरच्या पडद्यावर चाळीस ठिपके होते आणि त्यांच्यामधून काढलेली एक वाकडी रेघ. रोज नेमाने चाललं तर वजन उतरतं का, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या कचेरीत बसणाऱ्या एकोणचाळीस जणांना पट्टे बांधले होते. चाळिसावं माणूस मिळेना, म्हणून मावशींना घेतलं होतं. ठिपका जितका उजवीकडे, तितकी पावलं जास्त. जितका खाली, तितकं वजन उतरलेलं. एकोणचाळीस ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे उजवीकडे उतरत गेले होते. एक मात्र पार उजव्या कडेला, आणि वर. रोजची सरासरी एकवीस हजार पावलं. वजन सुरुवातीला अठ्ठ्याहत्तर किलो. आज अठ्ठ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम.

“एकवीस हजार पावलं चालणारं माणूस असं असतं का?” डॉक्टरांनी हवेत एक मोठा गोल काढला.

मावशींचं काम रक्ताचे नमुने नेण्याचं. वॉर्डातून नळ्यांचा डबा उचलायचा, जिन्याने चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचवायचा आणि रिकामा डबा घेऊन पुन्हा खाली. लिफ्ट पेशंटसाठी. एका पाळीत तीस खेपा सहज होत.

“हा तुमचा फॉर्म.” डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “प्रश्न चौथा. नियमित व्यायाम करता का? उत्तर, नाही. खाली सही तुमची. तेव्हा नाही म्हणालात आणि आता एकवीस हजार. दोन्हींतलं एक खोटं आहे, मावशी.”

“दोन्ही खरं आहे. व्यायामाला वेळ कुठनं आणू? दिवसभर कामावर असते मी.”

संगणकासमोर बसलेल्या बाईंचे हात थांबले. आकडेमोड त्यांच्याकडे असायची, म्हणून सगळे त्यांना गणितबाई म्हणत. तो फॉर्म त्यांनीच भरून घेतला होता.

“सर, कामावर किती चालता, हे आपण कुणालाच विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी चालायला सुरुवात केली. मावशींना ते नवीन नाही. त्यांच्या शरीराला सवय आहे त्याची. त्यांना घ्यायलाच नको होतं. चूक आपली आहे.”

“आपली चूक असं छापलं, तर अभ्यास कोण मानेल? यांची ओळ काढून टाका. कारण लिहा, माहिती अविश्वसनीय.”

“म्हणजे काय?” मावशींनी विचारलं.

डॉक्टर पडद्याकडे वळले. गणितबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुमच्यावर भरवसा ठेवता येत नाही.”

एकोणीस वर्षांत मावशींच्या हातून एक नळी फुटली नव्हती. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीला लागली नव्हती. त्यांनी आणलेल्या नळीवर लोकांचे आजार ठरत, ऑपरेशनं ठरत, आणि ती कुणी आणली हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

“एकोणीस वर्षं चालतेय मी, डॉक्टर. नुसत्या चालण्यानं उतरायचं असतं, तर एव्हाना मी उरलेच नसते. वजन उतरलं नाही, असं खुशाल लिहा. पण मी चाललेच नाही, असं लिहू नका.”

“अहो, तुमचं नाव कुठे येतंय? नुसता नंबर आहे तो. इतकं काय मनाला लावून घेता?”

“नंबरामागे मीच आहे ना?”

गणितबाईंचा हात हलेना. डॉक्टरांनी मग स्वतःच वाकून बटण दाबलं. उजव्या कडेचा ठिपका गेला. उरलेल्यांमधली रेघ सरळ झाली.

“आता कसं,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातला डबा पायाने मावशींकडे सरकवला. “या आजच्या नळ्या तेवढ्या वर द्या. अर्ध्या तासात पोचल्या नाहीत तर फुकट जातील. रक्त काढून दहा मिनिटं गेलीच आहेत. जरा पाय उचला.”

मावशींनी डब्याकडे पाहिलं. भिंतीशी एक खुर्ची होती. ती त्यांनी पुढे ओढली आणि तिच्यावर नीट बसल्या.

“भरवशाच्या माणसाकडे द्या,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते गणितबाईंकडे वळले. “तुम्ही न्या.”

गणितबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. “मला अजून ते कारण लिहायचंय, सर. शब्द जमत नाहीयेत.”

अखेर डॉक्टरांनी डबा उचलला आणि दार ढकलून ते बाहेर पडले. जिन्यावर त्यांचे बूट वाजू लागले. आधी भराभर, मग सावकाश, मग एकेक पायरी. आणि मग वाजायचे थांबले.

दोघी ऐकत राहिल्या.

“दुसरा मजला,” मावशी म्हणाल्या. “अजून दोन आहेत.”