डोंगरातले उंदीर

नातवाने घुबडाची ओकारी घरात आणली, तेव्हा जमनाबाईंचा संयम संपला. पिठाची चाळणी आधीच गेली होती. विहीर खोल करताना निघालेली माती तिच्यातून गाळून भाग्येश उंदरांच्या दाढा वेचायचा. पुण्याला शिकायला धाडलेला पोर सुट्टीत कळसाडीला येतो आणि कपाशीकडे ढुंकूनही बघत नाही. आता तर तोरणमाळच्या कड्याखालच्या घुबडाच्या गोळ्या, मळक्या फडक्यावर, थेट तुळशीजवळ.

"सांडगे वाळाडी ऱ्हायना का रे?"

"मोठमाय, घुबड उंदीर खास आणि हाडं ओकी देस. डोंगरात आज कोनता उंदीर शे, ते याम्हाईन समजस."

त्याने आजीच्या हातात भिंग दिलं. एक दाढ विहिरीतली, हजारो वर्षांपूर्वीची, दगड झालेली. दुसरी गोळीतली, यंदाची. दोन्हींवरच्या वळ्या सारख्या, एकाच हातचा टाका असावा तशा.

"डोंगरना उंदीर पहिले आठे खालेच व्हता," भाग्येश म्हणाला. "मंग जमीन बदलनी. खाले ऱ्हायनात त्या सरी गयात. डोंगरात गयात त्या जगनात."

जमनाबाईंनी भिंग खाली ठेवलं. डोंगरात गेलेलं एक माणूस या घरालाही होतं. त्यांची धाकटी, ममता. तिने तोरणमाळच्या जालमसिंगशी, एका पावरा आदिवासी मास्तराशी, लग्न केलं. भरल्या ताटावरून उठून जमनाबाईंनी जाहीर केलं, पोरगी मेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद. आपल्या जांभळ्या लुगड्याची तिच्यासाठी शिवलेली गोधडी त्यांनी तिच्यामागे अंगणात भिरकावली. तिचं काही घरात नको, असं गावाला सांगितलं. वर थंडी फार असते, हे कोणालाच सांगितलं नाही.

"जगनात?"

"हा."

त्यांचा चेहरा किंचित सैलावला. "ऱ्हाऊ दे तुलेच ती चाळनी," त्या म्हणाल्या आणि गोळ्या कोपऱ्यात सारायला त्यांनी फडकं ओढलं.

जांभळ्या लुगड्याचं ठिगळ. पांढरा दोरा. तिरका, त्यांचाच टाका.

जित्या माणसाची गोधडी कोणी फाडत नाही. पांघरणारी गेली, तिचं दिवसकार्य झालं, की मगच तिची फडकी होतात. ही रीत खाली तशीच वर.

"कोनी दिनं हाई?"

"जालमसिंग फुवानी," भाग्येश मान खाली घालून म्हणाला. "हाडं बांधाले." ज्या आत्याचं नावच घ्यायचं नाही, तिची बातमी कशी सांगायची, हे त्याला येताना वाटभर सुचलं नव्हतं.

जमनाबाईंनी फडकं झटकलं. घडी घालून कमरेला खोचलं. भिंग त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"खोटं शे तुन्हं शिक्षन, भाग्येश. डोंगरात गयी ती जगनी नही."