एक ते तीन

महापौरपदाच्या उमेदवार रादेमाखरबाई शनिवारी अकराला पाच कमी असताना बागमंडळाच्या फाटकाशी आल्या आणि अकराच्या ठोक्यापर्यंत बाहेरच उभ्या राहिल्या. ब्रौकबाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे पहिली खूण केली.

शहराच्या जमिनीवर मंडळाच्या शहाऐंशी चिमुकल्या बागा होत्या आणि त्यांवर बावीस वर्षं अध्यक्ष म्हणून ब्रौकबाई. मत ज्याचं त्याने द्यायचं हे खरंच. पण बाईंची वही पाहिल्याशिवाय देत कोणी नसे.

रादेमाखरबाईंनी बूट पुसले. चौदा नंबरच्या, म्हणजे ब्रौकबाईंच्याच बागेचं हिरवं कुंपण पाहून त्या म्हणाल्या, "सव्वा मीटर ना?" नियमाप्रमाणे सव्वा मीटरच होतं. मग त्याच बागेतल्या नासपतीच्या झाडाखाली बसून त्यांनी केक खाल्ला आणि बशी स्वतः विसळून ठेवली. ते झाड ब्रौकबाईंच्या नवऱ्याने, रूडीने, लावलेलं. रूडी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि बाई अजून रोज त्या झाडाशी बोलत. अर्थात दुपारी एक ते तीन सोडून. त्या वेळात मंडळात सक्त शांतता.

"या बागांचं काय करणार आहात?" शेजारच्या पंधरा नंबरच्या एगॉनने विचारलं. एगॉन निवृत्त ट्रामचालक.

"शहराला घरं हवी आहेत. एक ते चाळीस नंबर जातील. जाहीरनाम्यात पान नऊ, खालून दुसरा परिच्छेद."

ब्रौकबाईंचा चौदा नंबर त्यातच होता. तरी त्यांनी पान नऊ उघडून पाहिलं. खालून दुसऱ्या परिच्छेदात तसंच लिहिलं होतं.

"बाई बोलते ती पान नंबरासकट," त्या पुटपुटल्या आणि दुसरी खूण केली.

दुसरा उमेदवार टीमो वेसलिंग साडेबाराला येणार होता. आला तो उशिरा, धापा टाकत, शर्ट अर्धा बाहेर, हातात भोंगा. बाकांवर सगळे बसलेच होते. समोर मंडळाच्या खोलीवर मोठं घड्याळ. ते चार मिनिटं पुढे होतं आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नियमावलीत 'वेळ मंडळाच्या घड्याळाप्रमाणे' असं लिहिलेलं, त्यामुळे बाकीचं शहरच चार मिनिटं मागे आहे असं धरायची पद्धत होती.

"मित्रांनो!" टीमोचा भोंगा गरजला. "यातली एकही बाग, एकही झाड..."

"श्श्श!"

टाळी वाजवायला निघालेले एगॉनचे हात हवेतच थांबले.

"एक वाजून दोन मिनिटं झालीत," ब्रौकबाई कुजबुजल्या. "एक ते तीन आवाज बंद."

"अहो, माझ्या फोनवर अजून बारा अठ्ठावन्न!"

"इथे मंडळाचं चालतं."

"बाई, मी तुमच्या बागा वाचवायला आलोय!"

"वाचवा ना. नको कोण म्हणतंय? पण तीननंतर वाचवा."

टीमोची दोनला नदीपलीकडे सभा होती. नाइलाजाने त्याने आपलं वचन कुजबुजत दिलं. पुढच्या बाकावर ते ऐकू गेलं. मागच्या बाकांवरून "काय म्हणाला?" अशी विचारणा झाली, तर तीसुद्धा गप्प केली गेली. बिचारा चवड्यांवर चालत फाटकापर्यंत पोचला, आणि नेमका तिथे भोंगा आपोआप किंचाळला. उरलीसुरली मतंही गेली.

"ब्रौकबाई, अहो, हा झाड वाचवणारा," एगॉन कानाशी येऊन म्हणाला. "ती तोडणारी!"

"मला का कळत नाही? पण जो वेळ पाळत नाही तो शब्द काय पाळणार?"

चौतीस वर्षं ट्राम वेळेवर चालवलेल्या माणसाने नकळत मान डोलावली.

रादेमाखरबाई निवडून आल्या. त्यांनी शब्द पाळला आणि तोही ठरल्या तारखेला.

एप्रिलातल्या त्या मंगळवारी सकाळी खोदाईचं यंत्र एक नंबरपासून निघालं आणि दुपारपर्यंत तेरा नंबर सपाट करून सव्वा मीटरच्या कुंपणाशी आलं. पलीकडे नासपती पांढरीशुभ्र फुलली होती. तेवढ्यात चालकाने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

"महापौरबाईंची ताकीद आहे, एक ते तीन काम बंद. घड्याळ कुठलं धरायचं इथे?"

ब्रौकबाईंनी खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. एक वाजून बरोबर शून्य मिनिटं.

"बघा," त्या एगॉनला म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं?"

दोघं झाडाखाली बसली. केक कोणी खाल्ला नाही. कॉफीत पाकळ्या पडत राहिल्या आणि बाईंनी त्या काढल्या नाहीत. आज पहिल्यांदाच त्या शांततेच्या वेळात झाडाशी काहीतरी बोलत होत्या, अगदी हळू.

तीनला पाच कमी असताना त्या उठल्या. स्टूल भिंतीशी ओढत नेलं, वर चढल्या, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा उलटा फिरवायला लागल्या. अडीच. दोन. दीड. जुनं यंत्र भर शांततेत करकरत होतं.

"ब्रौकबाई," एगॉन घाबरून कुजबुजला, "आवाज होतोय!"

"होऊ दे," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि काटा एकवर आणून थांबवला.

चालकाने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. आणि डब्यातून दुसरा पाव बाहेर काढला.