कमरेची दोरी

जावयाच्या उजव्या खिशात जाड दोऱ्याचं रीळ होतं, डाव्या खिशात बारीक दोऱ्याचं. सासरे तळ्याकडे तोंड करून घडीच्या खुर्चीत बसले होते.

"जाडच लावा हं, जावईबापू. थंड पाण्यातला मासा शहाणा, दोरा दिसला की पळतो. हा गरम पाण्यातला म्हणजे आडदांड. गळ लागला की सरळ गवतात मुंडी खुपसतो. त्याला उपसून काढायला जाड टिपेट पाहिजे."

"जाडच लावतोय, बाबा," असं म्हणून जावयानं डाव्या खिशात हात घातला.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाकासमोर धरलेला दोरा दिसायचा नाही. मागच्या रविवारी एका माशाच्या नादानं ते आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आणि मग टोपीपर्यंत पाण्यात गेले होते. तेव्हा नवरा-बायकोनं स्वयंपाकघरात कुजबुजत बेत शिजवला. बाबांना नको म्हणायचं नाही, फक्त टिपेट, म्हणजे गळाजवळचा शेवटचा दोरा, बारीक लावायचा. मासा तोडून पळेल, ओढाताण होणार नाही, चार वेळा असं झालं की बाबा आपणहून कंटाळतील. सुंठीवाचून खोकला गेला. जावई विमा कंपनीत होता. जोखीम कशी कमी करायची हे त्याला शिकवायला नको होतं.

लेकीचा मात्र सुंठीवर एवढा भरवसा नव्हता. तिनं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बाबांच्या कमरेला बांधली होती आणि दुसरं टोक नवऱ्याच्या कमरेला. स्वतः मागे गाडीत बसली होती. बाबांनी पाऊल पुढे टाकलं की हॉर्न वाजवायची. तळ्यावरचे बगळे केव्हाच दुसरीकडे राहायला गेले होते.

"कासरा तर बांधलात," बाबा म्हणाले, "वैरण कधी टाकणार?"

जावई कसनुसं हसला. काठीच्या दोरीला पुढे जोडलेला लीडर निमुळता होत होत जिथे संपतो, तिथे त्यानं हातभर बारीक टिपेट जोडलं. गाठ थुंकीनं ओली करून आवळली. टोकाला गळ लपवलेली पिसांची माशी बांधली. "घ्या, बाबा. हत्ती ओढा."

एवढं बोलायची गरज नव्हती, असं त्याचं त्यालाच वाटलं.

बाबा उठले, गळाची काठी मागे नेली आणि झोकात पुढे फेकली. पहिल्याच फेकीत गळाला जावयाची टोपी लागली. ती हवेत गेली, दोरा तुटला आणि टोपी माशीसकट तळ्यात तरंगायला लागली.

"टोपी एवढी जड?" बाबा म्हणाले.

"भिजली असेल," जावई म्हणाला. टोपी कोरडीच उडाली होती.

त्यानं पुन्हा बारीकच बांधलं. या वेळी खरा मासा लागला. काठी वाकली, बाबांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला, आणि टक्. बाबा काठी तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांजवळ आणून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"हात गेले हो माझे," ते हळूच म्हणाले. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत, हात आहेत."

 जावयाचा हात उजव्या खिशात गेला, जाड रिळाला लागला. त्यानं मागे वळून पाहिलं. काचेआडून बायकोनं अंगठा वर केला. त्यानं डाव्या खिशातलं रीळ काढलं.

तिसऱ्या फेकीला लागलेला मासा या सगळ्यांचा आजोबा होता. काठीची कमान झाली. हॉर्न ठणाणा सुरू झाला. बाबा पुढे जातील म्हणून जावई त्यांना धरायला धावला. बाबा मात्र दोन पावलं मागे सरकले होते. त्यामुळे जावईच शेवाळावरून घसरला आणि धबाकदिशी पाण्यात पडला. दोरी ताणली गेली. बाबांच्या एका हातात मासा, कमरेला जावई. क्षणभर ते तसेच टिकून राहिले. मग त्यांनी काठी काखोटीला मारली आणि दोन्ही हातांनी दोरी ओढायला लागले.

टक्.

जावई काठावर आला तेव्हा त्याच्या कानातून गवत लोंबत होतं. बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी तुटलेलं टोक बोटांत चोळलं, मग दाताखाली धरून पाहिलं. 

"जाऊ द्या, बाबा," जावई म्हणाला. "वाचला बिचारा."

"वाचला कसला? गळ तोंडात घेऊन गेलाय. आता त्याला खाता यायचं नाही धड." बाबांनी टोक थुंकून टाकलं. "बारीक दोऱ्यानं मासा सुटत नाही, जावईबापू. नुसता आपल्याला दिसेनासा होतो."

जावयानं उजव्या खिशातलं रीळ काढलं. त्यातून पाणी गळत होतं. "दुसरं बांधू?"

"नको."

बाबा कमरेची गाठ सोडवायला लागले. ओल्या नायलॉनची गाठ, ओढाओढीनं दगड झालेली. नखानं उकरून पाहिली, पिळून पाहिली, मग सोडून दिली.

"ही मात्र चांगली जाड निवडलीत," ते म्हणाले.

त्यांनी काठी आवरली, खुर्ची तिथेच ठेवली आणि पायानं जमीन चाचपत गाडीकडे चालायला लागले. दोरी ताणली गेली तसा जावई निथळत त्यांच्या मागे ओढला गेला.

बाबा आपणहून परत येताहेत हे पाहून लेकीनं काचेआड दोन्ही अंगठे वर केले.