दारं धरायला माणूस
ब्रह्मदेशच्या लढाईवरून रिठदला परतल्यापासून गुलाबराव दिवसभर विहिरीच्या काठावर पाय सोडून बसे. “फौजी मानूस, आराम करू द्या,” म्हणत गावानं त्याचं एकेक काम मानानं काढून घेतलं होतं. आज त्याची बायको जिजाबाई भडकलीच. नवऱ्याच्या लंगोटीयाराला, उकंडाला, तिनं त्याच्याच घराच्या दारात गाठलं. “भाऊजी, दुरून रामराम कायले करता? तुमचा दोस्त ‘जगून काय करू’ म्हनते मले! चाला, पान्याची दारं धरा!” पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला उकंडा वांग्याच्या वाफ्यात फावडं घेऊन उभा राहिला. तिनं मोटेला बैल जुंपून कासरा नवऱ्याच्या हातात कोंबला. वीस मोटा मुकाट रित्या झाल्या. जिजाबाई धुमसत राहिली. मग विहिरीवरून कित्येक महिन्यांनी त्याची हाक आली, “उकंड्या, पानी पोचलं का बे?” वांगी कधीचीच बुडाली होती. घोटाभर चिखलातून उकंडा ओरडला, “नाई रे, येऊ दे अजून!”