मशीनचा पॉइंट

हेमलता गिऱ्हाइकाला ब्लाउज देऊन आली, तर हॉलमध्ये तीन नवे प्लग पॉइंट बसलेले. तिन्ही टीव्हीच्या भिंतीवर, आणि तिन्हींत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स नि स्पीकरचे प्लग.

"आणि माझ्या मशीनला?" तिनं विचारलं. शिलाई मशीनसाठीच तर तिनं वायरमन बोलावला होता. खिडकीखालच्या जुन्या पॉइंटमध्ये आगपेटीची काडी खोचल्याशिवाय प्लग टिकत नव्हता. कालच ठिणगी उडाली होती.

"तुझं मशीन काय, पायानंही चालतं," मॅचवरची नजर न काढता नवरा म्हणाला.

गुडघे गेले म्हणून तर मोटार बसवली होती! तिच्या डोक्यात तिडीक गेली. मशीन फरफटत तिनं टीव्हीपाशी आणलं, टीव्हीचा प्लग उपसला आणि तिथं मोटारीचा खुपसला.

"अगं, शेवटची ओव्हर!" तो किंचाळला.

सुईखाली कापड सरकवत ती म्हणाली, "मग चालवा की टीव्ही पायानं!"